कारण एका ओळीत लिहावे

बरकतपुरा, हैदराबाद
९ जून २०२५

आदरणीय मामा,

सप्रेम जयभीम.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही याचं मला आज पहिल्यांदाच बरं वाटतंय. हे सगळं मला बोलून सांगता आलं नसतं. आई शेजारच्या खोलीत आहे आणि बोलताना माझा आवाज चढतो. लिहिताना निदान अक्षर तरी सरळ ठेवावं लागतं.

मी आठवीत असताना तुम्ही मला दोनशे पानी वहीत इंग्रजी वाक्यं लिहायला लावायचात. एकेका शब्दाची दहा-दहा वाक्यं. 'ड्यू टू'ची माझी दहाही वाक्यं अजून पाठ आहेत. पावसामुळे सामना रद्द झाला. तापामुळे मी शाळेत गेले नाही. तुम्ही म्हणायचात, हे दोन शब्द नीट वापरता आले की माणूस ऑफिसात बसायच्या लायकीचा झाला. मी बसले, मामा. कोठी भागातल्या या खाजगी दवाखान्यात कागदपत्रांच्या टेबलावर मला आठ महिने झाले. घरातली पहिली पदवीधर म्हणून बाबा ज्या अपार्टमेंटचे वॉचमन आहेत तिथे येणाऱ्या कुरिअरवाल्यालासुद्धा सांगतात, "मेरी बेटी इंग्लिश में लेटर लिखती."

काय लिहिते ते त्यांना ठाऊक नाही. ड्यू टू तांत्रिक बिघाड लिफ्ट बंद आहे. बिघाड कसला, मालकांचा नवा सोफा वर चढत होता. ड्यू टू इमर्जन्सी ओपीडी उशिरा सुरू होईल. इमर्जन्सी म्हणजे डॉक्टरसाहेब झोपले होते. दिवसातून वीसदा लिहिते. बाहेर पडले तर ऑटोवाला रिकाम्या रस्त्यावरून अर्धा तास उशिरा येऊन म्हणतो, "ड्यू टू ट्रॅफिक, मॅडम." शेजारची ज्योती कुणाच्या लग्नाला जात नाही ती ड्यू टू हेल्थ, आणि त्याच संध्याकाळी आबिड्सला चपला घेताना भेटते. लोकांना खोटं बोलायचं असतं तेव्हा ते मराठी, तेलुगू, उर्दू सगळं सोडून या दोन शब्दांच्या मागे जाऊन उभे राहतात. मला त्या शब्दांची किळस यायला लागली आहे.

पण तुम्हाला लिहायला बसले ते याच्यासाठी नाही.

एकतीस मेला, शनिवारी, दुसऱ्या मजल्यावरच्या सावित्रीबाई बाथरूममध्ये पडल्या. वय एकाहत्तर, पित्ताशयाच्या ऑपरेशनला दोनच दिवस झालेले. खुब्याचं हाड मोडलं. त्या वेळी वॉर्डात आया नव्हती. आया म्हणजे केसरबाई. भोकरकडची, आपल्यातली, अकरा वर्षं इथे आहे. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी डबा विसरले होते, तर तिनं मला स्वतःची अर्धी भाकरी दिली होती. ती कुठे होती म्हणाल, तर चौथ्या मजल्यावर. तिथे मालक, म्हणजे मोठे डॉक्टर राहतात. त्यांच्या कुत्र्याला अंघोळ घालायला तिला दर शनिवारी वर बोलावतात.

अशा घटनेचा आमच्याकडे छापील फॉर्म असतो. 'घटना घडली ड्यू टू' असं छापलेलंच आहे, पुढे एक रेघ, आणि खाली बारीक अक्षरात सूचना: कारण एका ओळीत लिहावे. मॅनेजर प्रशांत सर माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "लिख अम्मा. ड्यू टू आया परवानगीशिवाय गैरहजर."

मी म्हटलं, "सर, डॉक्टरसाहेबांनीच तर तिला कुत्र्यासाठी..."

"अरे, एक लाइन की जगह है. उसमें कुत्ता कैसे बैठेगा?"

सगळे हसले. मामा, मीपण हसले. त्या हसण्याची मला सगळ्यात जास्त घाण वाटते.

मी लिहिलं. केसरबाईनं सही केली. कागद फायलीत गेला. त्या दिवसापासून जेवताना मला हात धुतल्यासारखे वाटत नाहीत. तुम्ही तीस वर्षं ऑफिसात टाइप केलंत. अशा वेळी काय करायचं ते तुम्हालाच माहीत असेल.

तुमची भाची,
दीक्षा


देगलूर
१५ जून २०२५

चि. दीक्षास मुकुंदमामाचा जयभीम आणि आशीर्वाद.

पत्र पावलं. शुद्धलेखनाच्या चार चुका आहेत, पण हैदराबादेत वाढलेल्या पोरीनं एवढं मराठी लिहिलं म्हणून त्या माफ. आमचा नातू अमेय इथे महाराष्ट्रात राहून 'आशीर्वाद' चुकवतो.

बेटा, तू ज्याला किळस म्हणतेस ती नव्या नोकरीची ओकारी आहे. बसमध्ये नव्या माणसाला लागते तशी. सहा महिन्यांत थांबते. मलाही लागली होती.

एक लक्षात घे. कागदाला माणूस नको असतो. माणसाचं नाव आलं की भांडण आलं, चौकशी आली, वकील आला. कारण आलं की फाइल बंद होते आणि सगळे चहा प्यायला मोकळे. आबिड्सच्या त्या ऑफिसात मी नाही म्हटलं तरी दहा हजार वेळा हे दोन शब्द टाइप केले असतील. बोटं माझी होती, वाक्य साहेबाचं होतं. संध्याकाळी साडेपाचला मी बोटं पुसून घरी यायचो. टायपिस्टचा त्यात काय दोष?

केसरबाईचं वाईट वाटतं, हे तुझं मन चांगलं असल्याचं लक्षण आहे. पण अशा बायांना शहरात काम मिळून जातं. एक दवाखाना गेला तर दहा आहेत. तुला अशी खुर्ची पुन्हा मिळायची नाही. तुझ्या आईनं त्या खुर्चीसाठी किती ब्लाउज शिवले ते मला माहीत आहे. तेव्हा गप्प बस, काम कर, पुढची परीक्षा दे.

आणि हे तुझ्या बाबाला, संघपालला सांगू नकोस. त्याला रक्तदाब आहे. उगाच डोक्याला त्रास.

इकडे आंबे संपत आले. सूनबाई रसिकानं तुझ्यासाठी लोणच्याची बरणी भरून ठेवली आहे.

मुकुंदमामा


बरकतपुरा, हैदराबाद
२२ जून २०२५

आदरणीय मामा,

जयभीम.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. 'अशा बायांना' हे दोन शब्द चौथ्यांदा वाचवेनात.

शुक्रवारी दुपारी मी रेकॉर्डच्या खोलीत जाऊन गेल्या तीन वर्षांचे घटनांचे फॉर्म काढले. एकसष्ट निघाले. कुठे आयामुळे, कुठे वॉर्डबॉयमुळे, कुठे नातेवाइकांमुळे. सतरा फॉर्मवर पेशंटच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे. एक बाई बेशुद्ध असताना खाटेवरून पडली, तीसुद्धा स्वतःच्या निष्काळजीपणामुळे! डॉक्टर एकाही फॉर्मवर नाहीत. मालक नाहीत. बाथरूममधला आधाराचा दांडा दोन महिन्यांपासून भिंतीतून निघालेला आहे, तोही कुठे नाही. एकसष्ट कागद वाचून झाल्यावर मला खरोखर उलटीसारखं झालं. तुम्ही म्हणता ती बस लागली असं समजा, पण मला या बसमधून उतरायचं आहे.

केसरबाईला नोटीस मिळाली. अकरा जुलैला चौकशी आहे. सावित्रीबाईंच्या मुलीला, प्रियदर्शिनीताईंना, बोलावलं आहे. त्यांच्यासमोर केसरबाईला कामावरून काढायचं आणि 'आम्ही कारवाई केली' असं दाखवायचं. म्हणजे त्या बाई कोर्टात जाणार नाहीत.

आता तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, 'केसरबाईनं सही केली.' ते वाक्य मी तुमच्याच पद्धतीनं लिहिलं होतं. कोणी करवून घेतली ते गाळलं. तिला इंग्रजी येत नाही. ती फॉर्म घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "वाच माय, काय लिव्हलंय?" मी वाचलं, "बाई पडल्या तेव्हा तुम्ही वॉर्डात नव्हता, असं लिहिलंय." ती म्हणाली, "मग खरंच हाय की. नव्हतेच मी." आणि सही केली. 'परवानगीशिवाय' हा शब्द मी वाचलाच नाही. प्रशांत सर समोर उभे होते. कोणी मला वाचू नको म्हटलं नव्हतं. मी आपणहून तो गिळला.

मी हे बाबांना सांगितलं. तुम्ही नको म्हटलं होतंत तरी. मला कोणाला तरी सांगायलाच हवं होतं.

ते गेटजवळच्या खोलीत जेवत होते. ताट सारलं. मग विचारलं, "ती वर कुत्र्याकडे होती, हे कागदावर कुठंच नाही?" मी नाही म्हटलं. त्यांनी उठून गेट लावलं. मग म्हणाले, "तुझ्या मामाला विचार. ऑफिसातनं मला काढलं त्या दिवसांत मी कुठं होतो, विचार त्यांना."

मामा, आम्हाला लहानपणापासून सांगितलंय की तुमच्या ऑफिसात कपात झाली म्हणून बाबांची शिपायाची नोकरी गेली. मग बाबा असं का म्हणाले?

दीक्षा


पोस्टकार्ड
देगलूर, २८ जून २०२५

चि. दीक्षा, जयभीम. प्रकृती बरी नसल्यामुळे सविस्तर लिहिता येत नाही. जुन्या गोष्टी उकरून कुणाचं भलं होत नसतं. संघपालला गोळ्या वेळेवर घ्यायला सांग. अकरा तारखेला रजा टाक आणि घरी बस, हा माझा सल्ला. मुकुंदमामा.


बरकतपुरा, हैदराबाद
३ जुलै २०२५

मामा,

मी रसिकावहिनीला फोन केला. ती म्हणाली, "त्यांना काय धाड भरली? रोज सकाळी चौकात जाऊन दोन चहा ढोसून येतायत." तेव्हा प्रकृतीचं राहू द्या. तुम्ही 'नसल्यामुळे' लिहिलंत, इंग्रजी वापरलं नाहीत एवढाच फरक.

परवा मी केसरबाईच्या घरी गेले होते. काचीगुडा स्टेशनच्या मागे एक खोली. ती भांडी घासत होती. मी फॉर्मची नक्कल काढली आणि शब्दनशब्द मराठीत वाचला. 'परवानगीशिवाय' सुद्धा. आणि सांगितलं की त्या दिवशी हा शब्द मी मुद्दाम वाचला नव्हता.

तिनं हात तसेच राखेत ठेवले. मग म्हणाली, "ह्याच्यानंच काढायलेत व्हय मला?"

मी हो म्हटलं.

"साहेबानं वाचून दाखवलं असतं ना, तर मी म्हणले असते, दुसऱ्याला विचारून येते. तू वाचलीस. आपली पोर, शिकलेली, म्हणून मी डोळे झाकून सही केली."

मी काहीतरी बोलायला गेले. ती म्हणाली, "आता रडू नको माझ्या दारात. शेजारणी बघायल्यात."

मामा, मी महिनाभर दवाखाना, मॅनेजर, कुत्रा म्हणून चिडत होते ना, ते सगळं त्या दारात गळून पडलं. मला माझीच शिसारी आली. ती अजून गेलेली नाही.

अकराला मी रजा टाकणार नाही. त्याआधी मला तुमचं उत्तर हवं आहे. बाबा कुठे होते?

दीक्षा


स्पीड पोस्टाने
देगलूर
७ जुलै २०२५

चि. दीक्षा,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. तिन्हीत मी स्वतःला वाचवत होतो. हे चौथं.

तुझ्या बाबाला माझ्या ऑफिसात मीच लावलं होतं, रोजंदारीवर शिपाई म्हणून. पोरगा कष्टाळू, वेळेवर येणारा. साहेबाच्या डोळ्यात भरला. साहेबानं त्याला घरकामाला आपल्या बंगल्यावर नेलं. नोव्हेंबर २००१ ते मे २००२, सात महिने. पोरांना शाळेत सोडणं, बाजार, कपडे, मोटार धुणं. साहेबाची सासू अंथरुणाला खिळली होती, तिचं भांडं उचलणं. तुझ्या बाबानं तेही केलं. ऑफिसच्या हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरी लागत होती आणि मजुरी साहेब परस्पर हातात द्यायचे. आम्हा सगळ्यांना माहीत होतं. अशी चार माणसं चार बंगल्यांवर होती. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

मग तपासणी येणार असं कळलं. हजेरीपटावर एक माणूस इतके महिने गैरहजर आहे आणि तरी कामावर आहे, हे कसं दाखवणार? साहेबानं मला आत बोलावलं. "मुकुंदराव, लिहा." मी यंत्रावर बसलो. ड्यू टू अनधिकृत गैरहजेरी, कामावरून कमी करण्यात येत आहे.

मी त्या वेळी म्हणू शकलो असतो, साहेब, हा माझा मेव्हणा आहे, तो तुमच्या घरी आहे. साहेबालाही ते माहीत होतंच. त्या आठवड्यात हेड टायपिस्टच्या जागेवर माझं नाव गेलेलं होतं. हे कारण आहे, पण मी ते कारण म्हणून लिहीत नाही. जे झालं ते लिहितो आहे. मी गप्प बसलो, टाइप केलं.

कागद संघपालच्या हातात मीच दिला. त्याला इंग्रजी येत नव्हतं. त्यानं विचारलं, "काय आहे यात?" मी म्हटलं, "सरकारनं कपात केलीय. पोच म्हणून इथं सही कर." त्यानं केली. तू तेव्हा दहा महिन्यांची होतीस.

तू आठवीत आलीस तेव्हा मी वही घेऊन आलो. मला वाटत होतं, तुला इंग्रजी शिकवलं की फिटेल. तुझं मागचं पत्र वाचून कळलं, मी तुला काय शिकवलं ते.

संघपालला हे ठाऊक नाही असं मी तेवीस वर्षं धरून चाललो. त्याला कधी कळलं ते मला कळव. नाही, नको कळवूस. हे पत्र वाचून फाडून टाक. त्याला दाखवू नकोस, तुझ्या आईला तर नाहीच. एवढी दया कर.

मुकुंद


बरकतपुरा, हैदराबाद
१३ जुलै २०२५

मामा,

तुमचं पत्र नऊ तारखेला मिळालं. आधी चौकशीचं सांगते.

मीटिंगच्या खोलीत प्रशांत सर, मोठे डॉक्टर, प्रियदर्शिनीताई आणि दाराजवळच्या स्टुलावर केसरबाई. तिला खुर्ची दिली नव्हती. मी माझा कागद टेबलावर ठेवला. इंग्रजीत एक पान, मराठीत एक. त्यात मी सरळ वाक्यं लिहिली होती. मोठ्या डॉक्टरांनी केसरबाईला वर बोलावलं. प्रशांत सरांनी मला कारण सांगितलं. मी ते लिहिलं. मी ते केसरबाईला अर्धवट वाचून दाखवलं. बाथरूमचा दांडा एप्रिलपासून निघालेला आहे. खाली माझी सही.

डॉक्टरांनी कागदाला हात लावला नाही. प्रशांत सरांनी वाचला आणि हसून म्हणाले, "कायकू इतना टेन्शन लेते? सबका सोल्यूशन है." मग फॉर्म ओढला, परवानगीची ओळ खोडली आणि वर लिहिलं, ड्यू टू कम्युनिकेशन गॅप. "बस. किसी का नाम नहीं. केसरबाई को वॉर्निंग देके छोड देंगे, नौकरी रहेगी. मॅडम भी खूश, आप भी खूश. साइन करो बाई."

मामा, खरं सांगते, एक क्षण मला सुटल्यासारखं वाटलं. तिची नोकरी वाचत होती. माझीही. तुम्ही असतात तर हेच करा म्हणाला असतात.

केसरबाईनं पेन हातात घेतलं नाही. माझ्याकडे वळली. "ह्याचं मराठी सांग. ह्या टायमाला नीट सांग."

मी म्हटलं, "तुमचं आणि साहेबांचं बोलताना काहीतरी समजण्यात राहून गेलं, त्यामुळे हे झालं, असं लिहिलंय."

"समजण्यात काय राहिलं?" ती म्हणाली. "ते म्हणले कुत्रं धू. मी कुत्रं धुतलं."

प्रियदर्शिनीताई घरी मराठी बोलतात, हे प्रशांत सरांच्या लक्षात नव्हतं. त्या सावकाश म्हणाल्या, "कुठलं कुत्रं?"

"मॅडम, वो क्या है, ड्यू टू..." प्रशांत सर म्हणाले, आणि पुढचा शब्द त्यांना मिळेना.

केसरबाईनं सांगितलं. शनिवार, चौथा मजला, शाम्पू, टॉवेल, सगळं. "तुमच्या आईनं बेल वाजवली असंल ताई. मला वर कशी ऐकू येणार?" प्रियदर्शिनीताईंनी डॉक्टरांकडे पाहिलं. ते मोबाइलकडे बघत होते. एवढा मोठा माणूस, गळ्यात स्टेथोस्कोप, आणि बोटानं स्क्रीन वरखाली करतोय. त्या दवाखान्यात नऊ महिन्यांत मी रक्त पाहिलं, पू पाहिला, इतकं घाणेरडं काही पाहिलं नव्हतं.

प्रियदर्शिनीताईंनी माझ्या दोन्ही पानांची नक्कल मागितली, तिथेच, शिक्क्यासहित. मग सगळं भराभर झालं. केसरबाईची नोटीस लेखी मागे घेतली. उद्या सोमवारपासून ती पुन्हा वॉर्डात असेल, आणि शनिवारी वर जाणार नाही, हेही तिनं लिहून द्यायला लावलं. पुढे ताई कोर्टात जातात की नाही ते त्यांचं त्या बघतील.

संध्याकाळी प्रशांत सरांनी मला बोलावलं. "कल से नक्को आओ."

"कारण?"

"रीझन मत पूछो अम्मा."

बाहेर केसरबाई बसस्टॉपवर उभी होती. मी म्हटलं, "बाई, चला, चहा घेऊ."

"नको बाई. तुझ्यामुळं माझं काम वाचलं, खरंय. तुझ्यामुळंच जायलतं बी." हे ती रागानं म्हणाली नाही. भाव सांगावा तसं म्हणाली. मग तिची बस आली.

आता तुमच्या पत्राचं.

मी ते फाडलं नाही. एकदा एका माणसाला कागद अर्धा वाचून दाखवला, ते पुरे झालं. काल दुपारी वॉचमनच्या खोलीत मी ते बाबांना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. आई डबा घेऊन आली होती, ती दारातच उभी राहिली. 'तुझ्या आईला तर नाहीच' हेसुद्धा मी तिच्यासमोर वाचलं. तिनं डबा ठेवला आणि गेली. अजून तुमच्याविषयी एक शब्द बोललेली नाही.

बाबांना २००९ पासून माहीत आहे. एका कंपनीत शिपायाची जागा होती, तिथे त्यांनी जुन्या कामाचा दाखला म्हणून तो कागद दिला. तिथल्या कारकुनानं तो मोठ्यानं वाचला आणि म्हणाला, "इतने महीने घर पे सोया था क्या, चाचा?" जागा मिळाली नाही. घरी येऊन ते आईला काही बोलले नाहीत. मी 'का' असं विचारलं, तर म्हणाले, "तिचं माहेर तेवढंच होतं."

तुमच्या पत्रावर ते रडतील किंवा चिडतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "मुकुंदरावांचं टायपिंग फार सुरेख. अख्ख्या कागदात एक खाडाखोड नव्हती." मग म्हणाले, "बंगल्यावर मी काय काय करायचो, तेवढं पुन्हा वाच." मी वाचलं. पोरांना शाळेत सोडणं, बाजार, कपडे, मोटार, म्हातारीचं भांडं. ते प्रत्येकावर मान हलवत होते, सामान तपासून घ्यावं तसे.

शेवटी त्यांनी मला थांबवलं. "सात नाही, आठ महिने. जूनमध्येही मी तिथंच होतो. जूनमध्ये म्हातारी वारली, तिला अंघोळ मी घातली. हे त्यांनी लिहिलेलं नाही."

तेव्हा मामा, लोणचं पाठवू नका. आठ महिने असं दुरुस्त करा. कोणी, कुठे, काय करायला लावलं, कोणी टाइप केलं, कोणी खोटं वाचलं, सगळं लिहा आणि खाली पूर्ण नावाची सही करा. मराठीत लिहा आणि पाकिटावर माझं नाव घालू नका, बाबांचं घाला. त्यांना मराठी वाचता येतं.

दीक्षा